मागितलेला पुदिना

बोरीच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, ओलं फडकं आणि झाकणाचा एक रिकामा डबा एवढंच होतं. पन्नाशीची बाई परभणीहून सकाळची एसटी धरून पुदिना आणायला निघालीय हे ऐकून कंडक्टरही हसला असता. म्हणून कुणी विचारायच्या आतच मी शेजारच्या बाईला मोठ्यानं सांगून टाकलं होतं, पाहुण्यांकडं चाललेय.

परभणीत पुदिना मिळत नाही असं नाही. भाजीबाजारात जुड्यांचे ढीग असतात. त्यातल्या चार मी वेगवेगळ्या दिवशी आणून पाहिल्या. आईनं प्रत्येक जुडी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि प्रत्येक वेळी एकच निकाल दिला, "नापास." नोकरीची सगळी वर्षं ती बोरीच्या शाळेत बाई होती. निवृत्तीनंतर ते घर विकून ती माझ्याकडं परभणीला राहायला आली, पण हाताखालच्याला नापास करायची सवय काही बोरीत ठेवून आली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला मोठा ताप येऊन गेला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दोन महिने झाले, खाटेपासून बाथरूमपर्यंत आणि बाथरूमपासून खाटेपर्यंत, एवढाच तिचा प्रवास. ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडायची आणि सरकवून द्यायची. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत, आता यांनी खायला आणि चालायला लागलं पाहिजे, नाहीतर कठीण आहे. ते 'कठीण आहे' मी दवाखान्यातून घरी आणलं आणि कुणाला सांगितलं नाही. धपाटे करून पाहिले, ताकातली कढी करून पाहिली, मुगाची खिचडी पातळ करून पाहिली. मग एका दुपारी, तिला झोप लागली असं वाटत असताना, ती डोळे मिटूनच म्हणाली, "आपल्या न्हाणीपाशचा पुदिना असता, तर अर्धी भाकर खाल्ली असती बघ."

उशाशी तिचा पितळी तांब्या होता. फिल्टरचं पाणीसुद्धा ती त्याच तांब्यातून पिते. त्याच्या पोटाला एक पोचा आहे. मी दहावीत असताना तो आला आणि आई म्हणाली, "तूच पाडलास." मी पाडला नव्हता. पण आई कधी खोटं बोलत नाही हे घरात, शाळेत आणि अख्ख्या गल्लीत इतकं पक्कं होतं की शेवटी मलाच वाटायला लागलं, पाडला असेल बाई. त्या तांब्यातलं पाणी तिला पाजलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला तिच्यापाशी बसवून मी निघाले.

घर होतं तिथंच होतं. रंग पिस्त्याचा झाला होता, पत्र्याच्या जागी स्लॅब आला होता. नव्या मालकांची सून दारात तांदूळ निवडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर ती लगबगीनं उठली. "या की आत. बाईंचं घर म्हणूनच वळकत्यात अजून लोकं ह्याला," म्हणाली. मी चहाला नको म्हणून थेट मागं गेले. न्हाणी नव्हती. वाफा नव्हता. मोरीपासून मागच्या भिंतीपर्यंत गुळगुळीत सिमेंट केलं होतं आणि त्यावर एक मोटारसायकल स्टँडवर उभी होती. सून माझ्यामागं आली. "चिखल लय व्हायचा वो ताई, लेकरं घसरायची." तिचं काही चुकलं नव्हतं. माझ्या लेकरांनी तिथं पाय घसरून डोकं फोडून घेतलं असतं तर मीही सिमेंटच केलं असतं. तरी मी त्या मोटारसायकलीशी जरा वेळ उगीचच उभी राहिले.

वाफा म्हणजे काय होतं? हातभर रुंद आणि आडव्या माणसाएवढी लांब अशी एक पट्टी. न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं पाणी तिच्यातून फिरवून मग बाहेर सोडलेलं. भांडी राखेनं घासायची, त्यामुळं ते पाणी झाडांना मानवायचं. पुढं घरात साबणाची वडी आली तेव्हा आईनं साबणाच्या पाण्याला वेगळी वाट काढून दिली. शेत आम्हाला कधी नव्हतं. आई म्हणायची, "हेच आपलं शेत. सातबारा मात्र नाही."

दिवाळी झाली की धणे टाकायचे. अख्खा धणा आळशी, उगवायला महिना लावतो, म्हणून तो आधी रगडून दोन भाग करायचा. गल्लीतल्या बायका चपलेनं रगडायच्या. आईला खाण्याच्या वस्तूला चप्पल लावणं पटायचं नाही. ती शाळेतलं झिजून फेकायला काढलेलं डस्टर घरी आणायची आणि त्याच्या लाकडी पाठीनं फरशीवर धणे रगडायची. त्यामुळं आमच्या धण्यांना नेहमी खडूची पूड लागलेली असायची. काळ्या मातीत ते पांढरे दाणे पडले की मला वाटायचं, आईनं जमिनीवर काहीतरी लिहून ठेवलंय आणि ते आता उगवेल. उगवायचंही. आधी दोन लांबट, जाडसर पानं यायची, ती काही कोथिंबिरीसारखी दिसत नसत. मग एका सकाळी मधून कातरलेलं पहिलं पान निघायचं. थंडीत कोथिंबिरीशेजारी लसणाची पात असे, शेपू असे, मेथी असे. शाळेला जायच्या आधी दवानं भिजलेली कोथिंबीर उपटायचं काम माझ्याकडं. हाताला येणारा तो मुळांचा आणि मातीचा वास पाढे म्हणताना मी बोटं नाकाशी नेऊन घेत बसायची.

कोपऱ्यात कढीलिंबाचं झाड होतं. आईची एक खोड होती. तेल तापून, मोहरी तडतडायला लागल्यावरच तिला कढीलिंब आठवायचा. "जा गं, दोन काड्या आण!" आणि मी अशी पळायची की जणू घराला आग लागलीय. आजही माझ्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडली की माझे पाय दाराकडं वळतात. दार उघडून पाहावं तर समोरच्या ब्लॉकचं बंद दार.

पावसाळ्यात गवती चहा माजायचा. त्याची पात कापताना बोटाला हमखास चिरा पडायच्या. आणि पानओव्याची जाड, मखमली पानं, त्यांची भजी. भर उन्हाळ्यात मात्र काळ्या मातीला अशा भेगा पडायच्या की माझी एक अख्खी पेन्सिल त्यात गेली ती गेलीच. तेव्हा आई वाफ्यावर ओलं पोतं धरायची आणि पोत्याखाली जे काय जिवंत असेल त्याला दिवसातून तीनदा पाहून यायची.

सगळं होतं त्या वाफ्यात. फक्त पुदिना नव्हता. तो लागतच नव्हता. आणि तो का लागत नाही, हे आमच्या गल्लीत आई सोडून सगळ्यांना माहीत होतं.

बोरीतल्या बायका म्हणायच्या, मागितलेला पुदिना मरतो, चोरलेला पसरतो. म्हणजे पुदिन्याची मुळी कुणाकडून हातात मागून घ्यायची नाही. ती चोरायची. पण ही चोरीही रीतसर असायची. ज्या घरी पुदिना आहे तिथं दुपारी विरजणाला म्हणून नाहीतर चाळण मागायला म्हणून जायचं. गप्पा मारायच्या. पुदिन्याचा शब्द काढायचा नाही, नुसतं त्याच्याकडं बघायचं. मग घरची बाई ओळखायची. ती म्हणायची, "बस गं, मी जरा आत जाऊन येते, दूध उतू जायलंय." चुलीवर दूध नसलं तरी चालायचं. आत जाऊन ती भांडी आपटायची, मोठ्यानं, म्हणजे बाहेरच्या चोराला कळावं की आता मोकळं रान आहे. चोरानं मुळासकट दोन काड्या काढायच्या, पदराच्या टोकात बांधायच्या आणि निरोप न घेता निघून जायचं. निरोप घेतला की चोरी बाटली. भांडी वाजायची थांबली की घरची बाई बाहेर येऊन म्हणायची, "आगं, गेली वाटतं!" आणि ऐकणारं कुणी नसलं तरी हसायची.

आमच्या भिंतीला भिंत लावून शिवाक्कांचं घर. त्यांच्या नवऱ्याचं, आप्पांचं, किराणा दुकान होतं, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, आणि दुकानात कायम सुपारीचा आणि गुळाचा वास. अक्कांच्या मागच्या दारी पुदिना असा माजलेला की चालताना पाय टाकायला जागा नसायची. आईला तो हवा होता. ती एका दुपारी मला घेऊन गेली, ओट्यावर बसली आणि सरळ म्हणाली, "अक्का, मला पुदिना लावायचाय. दोन मुळ्या द्या."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "बाई, असं तोंडानं मागू नये वो. तुमी बसा. मी जरा आत जाऊन येते. दूध उतू जायलंय."

"दूध उतू जात असेल तर जा. पण आल्यावर तुमच्या हातानं द्या."

"हातानं दिल्यावर लागत न्हाई वो त्यो."

"लागेल. माती, पाणी आणि ऊन मिळालं की कुठलंही रोप लागतं. चौथीच्या पुस्तकात आहे."

अक्कांनी दिला. दिला म्हणजे काय, एखाद्याला सासरी पाठवावं तसा तोंड पाडून दिला. घरी येताना मी आईला विचारलं, नुसता खेळ तर आहे, चोरला असता तर काय झालं असतं? संध्याकाळी बुद्धवंदना झाल्यावर तिनं मला समोर बसवून विचारलं, "दुसरं शील काय?" मी म्हणाले, न दिलेलं घेणार नाही. "मग?" ती म्हणाली. मग आवाज बदलून, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतेय अशा सुरात, तिनं मला तिच्या माहेरचं सांगितलं. ती लहान असताना तिच्या आईनं कुणाच्या तरी बांधावरची दोन काड्या कोथिंबीर तोडून पदरात घेतली होती, तर भर बाजारात चार लोकांसमोर तिला पदर झटकून दाखवायला लावला होता. "त्या दिवसापासून," आई म्हणाली, "आपल्या घरातल्या बाईच्या पदरात मागितल्याशिवाय काही पडलेलं नाही. खेळातसुद्धा नाही."

मला तेव्हा हे सगळं नीट कळलं असं म्हणणार नाही. पण पदर हा शब्द तिनं ज्या पद्धतीनं उच्चारला ते कानात राहिलं.

पहिला पुदिना उन्हानं गेला. दुसरा गल्लीतल्या शेळीनं खाल्ला. तिसऱ्याला आईनं काळजीपोटी इतकं पाणी घातलं की मुळ्याच सडल्या. प्रत्येक वेळी तिच्याकडं शास्त्रीय कारण तयार असायचं आणि प्रत्येक वेळी गल्ली तोंडाला पदर लावून हसायची. "बाई, येकदा चोरून तर बगा!" कुणीतरी म्हणायचंच. आई म्हणायची, "चोरल्यानं मुळं फुटतात, हे मला पुस्तकात दाखवा. मी उद्या चोरते." तिसऱ्या काड्या वाळल्यावरही तिनं त्या उपटल्या नाहीत. रोज शाळेतून आली की साडी न बदलता त्यांच्यापाशी उकिडवी बसायची आणि बोटानं माती उकरून बघायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. जगातल्या सगळ्या बायका भांडी वाजली की पुदिना उचलतात, मग माझ्याच आईला काय धाड भरलीय, असं वाटायचं.

त्याच सुमारास मला गालगुंडं झाली. गालाला फडकं बांधून मी घरी एकटी पडले होते आणि आई शाळेत होती. दुपारी मागं काहीतरी खुडखुडलं. शेळी असेल म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर शिवाक्का! भिंत जिथं पडकी होती तिथून साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या आमच्या अंगणात उतरल्या होत्या. अक्कांनी आमच्या न्हाणीपर्यंत यावं हे तेव्हा गल्लीत सगळ्यांनाच रुचलं असतं असं नाही, आणि आप्पांना तर नाहीच. त्यांनी वाफ्यापाशी बसून आईच्या त्या वाळक्या काड्या उपटल्या, पदराची गाठ सोडली, आतला हिरवागार पुदिना काढला आणि हातानंच खड्डा करून त्याच जागी लावला. माती दाबताना बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या वर सरकवल्या होत्या. मग आमच्याच बादलीतून ओंजळीनं पाणी घातलं. वर पाहिलं तर खिडकीत मी.

"अक्का, तुमी चोरी करायल्यात?" मी गालातल्या गालात विचारलं, म्हणजे सुजलेल्या गालामुळं मोठ्यानं विचारता येईना.

"चोरी न्हाई गं पोरी. नेत्यो त्यो चोर. ठेवून जातंय त्याला काय म्हणायचं, ते तुज्या मायच्या पुस्तकात बग." त्यांनी चिखलाचं बोट ओठांवर ठेवलं. "तिला सांगू नकोस. तिला वाटू दे, तिचाच लागला. लय जीव लावायलीय बिचारी."

मी शपथ घेतली. संध्याकाळी आई आली, नेहमीसारखी वाफ्यापाशी बसली आणि बसूनच राहिली. मग मला हाक मारली. "इकडं ये. बघ. मागून आणलेला. लागला की नाही?" तिचा चेहरा असा उजळला होता की खरं सांगायची माझी छातीच झाली नसती. दुसऱ्या दिवशी तिनं ते गल्लीत सांगितलं, आठवड्याभरात चौथीच्या वर्गात सांगितलं, आणि पुढं कितीतरी वर्षं अंधश्रद्धेचा विषय निघाला की तिचा पुदिना हजर. भिंतीपलीकडून अक्का म्हणायच्या, "व्हय बाई, तुमचंच खरं." त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलायची नाही.

आणि तो पुदिना! तो वाफाभर झाला, मोरीत शिरला, न्हाणीच्या दगडांच्या फटीतून वर आला. अंघोळ करताना पायाखाली चुरडला जायचा आणि अंगाला साबणाच्या आधी पुदिन्याचा वास लागायचा. आई पाट्यावर चटणी वाटायची. पुदिना, हिरवी मिरची, भाजलेले शेंगदाणे, लसूण, चिंचेचं एक बुटूक. वरवंट्याला लागलेली चटणी बोटानं निपटून घ्यायचा मान माझा. गरम भाकरीवर ती चटणी आणि वर तेलाची धार, की दुसरं काही लागायचं नाही. भिंतीवरून एक वाटी अक्कांकडं जायची आणि वाटी रिकामी परत करू नये म्हणून तिकडून गुळाचा खडा यायचा. मी चोरून तो खायची, म्हणजे आईच्या नियमात न बसणारी एवढी एक चोरी माझ्या नावावर आहे. बाकी पुदिन्याचं गुपित मी चाळीस वर्षं पोटात ठेवलं. आईच्या आजारपणात कधीकधी वाटायचं, आता तरी सांगावं. पण तिच्याकडं होतं ते एवढं एक जिंकणं काढून घ्यायला जीव धजेना.

त्या सिमेंटवरून मी निघाले ती शेजारच्या दारात गेले. किराणा दुकानाला शटर लागलं होतं, आप्पांचा फोटो ओसरीत होता. अक्का खाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. पार वाकल्यात, डोळ्यांना अंधुक दिसतं. विभूतीचा पट्टा मात्र तसाच सरळ.

"कोण हाय?"

"अक्का, मी. बाईंची."

"बाईची? आगं बया! ये, ये. आशी जवळ बस." त्यांनी माझा चेहरा हातानं चाचपला. "बाई कशा हायत?"

मी सांगितलं. ताप, चव, सरकवलेली ताटं, डॉक्टर काय म्हणाले तेसुद्धा. घरात कुणाला न सांगितलेलं मी त्यांना सांगून मोकळी झाले. आणि शेवटी म्हणाले, तिला आपल्या वाफ्यातला पुदिना पाहिजे होता, पण तिथं आता सिमेंट झालंय.

अक्का भिंतीला धरून उठल्या आणि मला मागच्या दारी घेऊन गेल्या. नळाखाली, फुटक्या रांजणाच्या कडेनं, पुदिना पसरला होता. मी वाकायच्या आधीच वास आला. तोच. परभणीच्या चार जुड्यांत नव्हता तो.

"बस," अक्का म्हणाल्या. "मी जरा आत जाऊन येते. दूध उतू जायलंय."

एवढ्या वयाची बाई एकेक पाऊल टाकत आत गेली, आणि आत स्टीलची भांडी आपटायला लागली. माझा हात पुढं गेला, खोटं कशाला सांगू? दोन काड्यांना बोटं लागलीसुद्धा. पण मग ती माझी न पाहिलेली आजी आठवली, बाजारात पदर झटकणारी. हात आपोआप मागं आला.

"अक्का, बाहेर या," मी हाक मारली. "तुमच्या हातानं द्या."

भांडी थांबली. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडात दात नसलेलं ते हसू हसल्या. "मायनं बिघडवलंय तुला." त्या खाली बसल्या आणि मुळासकट एकेक काडी काढून माझ्या ओल्या फडक्यावर ठेवायला लागल्या. मग काढता काढताच म्हणाल्या, "पर ह्यो माझा न्हाई बरं का. तुमचाच हाय."

"आमचा कसा?"

"माझा त्या दुष्काळाच्या साली गेला की, मुळासकट. तुमच्या न्हाणीचं पाणी व्हतं म्हणून तुमचा तगला. मी गेले तुज्या मायकडं. तू शाळंत व्हतीस. तिला मागायची मला लाज वाटायली, मीच तर सांगायचे मागू नये म्हणून. आन् चोरावं तर बाईच्या घरात चोरायचं कसं? मी आपली गप बसले, पुदिन्याकडं बघत. तर बाई उठल्या. म्हणल्या, अक्का, मी जरा आत जाऊन येते, दूध उतू जायलंय."

"आई म्हणाली असं?" मी विचारलं.

"दूध कुठलं! चूल बी पेटली न्हवती. आन् आत जाऊन लागल्या की भांडी आपटायला. सवय न्हाई बाईला. पितळी तांब्या घेऊन असा आपटला, असा आपटला, पोचा आला त्याला. मी पुदिना पदरात बांधला आन् निरोप न घेता आले. घरी येऊन लय हसले. मग लय रडले बी."

"म्हणजे आईला माहीत होतं? तुम्ही भिंतीवरून आला होता ते?"

"पयल्या दिवसापास्नं ठाऊक आसंल. मास्तरीण हाय ती. पोरांची कॉपी धरती, माझी न धरंल?"

मी तिथं ओल्या जमिनीवर बसून हसले, आणि मग अक्कांचं तेच माझंही झालं. चाळीस वर्षं मी आईचं गुपित आईपासून सांभाळलं होतं. दोघींना एकमेकींचं ठाऊक होतं आणि दोघींनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मधल्यामधे मी एकटी मूर्ख. आईवर इतकं प्रेम मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, हे मी आता सांगू शकते. निघताना मी अक्कांना वाकून नमस्कार केला. निरोप घ्यायला हरकत नव्हती. मागूनच नेत होते.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आईनं फडकं नाकाशी धरलं. या वेळी निकाल दिला नाही. नुसतं धरून ठेवलं. मी मिक्सर बाजूला ठेवून खलबत्त्यात चटणी कुटली, भाकरी टाकली. भाकरी मोडून देताना सहज म्हणाले, "अक्कांनी पोच्याचं सांगितलं."

"कसल्या पोच्याचं?"

"तांब्याच्या."

तिनं पुढचा घास चटणीला लावला. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तो तू पाडलास." पण तिचे खांदे हलत होते. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती. अर्धी भाकर म्हणाली होती, पाऊण खाल्ली.

मुळ्या उरल्या होत्या. मी म्हणाले, सकाळी गॅलरीत कुंडीत लावते. तिनं विचारलं, "मागून आणलास?"

"हो. तू शिकवलंस तसं."

"बरं केलंस." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "त्या मुळ्या माझ्याजवळ ठेव. तांब्यात पाणी घालून, इथं उशाशी."

सकाळी मी गॅलरीत कुंडी भरत होते. माती हातानं फोडत होते, तर आत खाटेची करकर ऐकू आली. बाथरूमला निघाली असेल म्हणून मी उठून दारात आले. ती उभी होती. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातानं पदर खांद्यावर नीट घेत. बाथरूम डावीकडं होतं. ती उजवीकडं, स्वयंपाकघराकडं तोंड करून उभी होती.

"तू बस," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली. "मी जरा आत जाऊन येते. दूध उतू जायलंय."

दूध फ्रिजमध्ये होतं. मी तिला धरायला पुढं झाले आणि थांबले. भिंतीला हात लावत, मधे एकदा खुर्चीला धरून श्वास घेत, दोन महिन्यांत न गेलेली ती वाट ती चालत गेली. आत पातेलं आपटल्याचा आवाज आला. मी जागची हलले नाही हे तिला कळलं असावं, कारण लगेच दुसरं पातेलं आलं, जास्त जोरात. समोरच्या ब्लॉकचं दार उघडून कुणीतरी काय झालं म्हणून पाहिलं.

मी उशाशी गेले. पोच्याच्या तांब्यातून मुळ्या काढल्या, पाणी निथळू दिलं आणि ओढणीच्या टोकात बांधल्या. आमच्या घरातल्या बाईनं न मागता काहीतरी पदरात घेतलं होतं. मग तिचा निरोप न घेता, पाय न वाजवता, मी कुंडीकडं निघाले. आत भांडी वाजतच होती.